उलट्या झाडाची मंडळी

स्पीकर बोलेनासा झाला की माणूस आधी त्याला थापट मारतो. थापटेनं भागलं नाही तर मेव्हण्याला दाखवतो. मेव्हणा तो उघडतो, आत बोट घालतो, कागद फाडतो आणि ‘हा गेला’ म्हणून सांगतो. मग तो स्पीकर माझ्याकडे येतो. लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात आमचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिथं आलेला बहुतेक प्रत्येक स्पीकर कुणाच्या तरी मेव्हण्याच्या हातून आलेला असायचा. परवा ते दुकान बंद केलं. दिवाळी अंकवाले म्हणाले, कामाविषयी काहीतरी लिहा. मी म्हटलं, स्पीकर ऐकायची गोष्ट, तिच्याविषयी वाचणार कोण? पण घरी बसून हात शिवशिवतात, म्हणून लिहिते आहे.

बाहेरच्या माणसाला स्पीकर म्हणजे लाकडी पेटी वाटते. पेटी ती पेटी. स्पीकर म्हणजे तिच्या आतलं लोखंडी टोपलं. टोपल्याच्या तळाशी लोहचुंबक, आणि वर कागदाचा पसरट शंकू, त्याला आम्ही कोन म्हणतो. कोनाच्या बुडाला तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं, ती कॉइल. ही कॉइल लोहचुंबकाच्या फटीत मागेपुढे नाचते, तिच्याबरोबर कागद हलतो आणि तुम्हाला आरती ऐकू येते. फट इतकी अरुंद असते की कॉइल जरा तिरकी बसली तरी घासते, आणि घासली की गाणाऱ्याच्या गळ्यात वाळू गेल्यासारखा आवाज येतो. म्हणून कोन चिकटवताना त्या फटीत जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या कापून घालायच्या, सगळं वाळू द्यायचं, मग पट्ट्या अलगद ओढून काढायच्या. कोल्हापुरातल्या कितीजणांच्या मोडक्या बरगड्या मी अशा कापून वापरल्या, अल्ला जाणे.

मी शमशाद शिकलगार. दुकान मुळात माझ्या नवऱ्याचं. रशीद मिस्त्री म्हणायचे त्यांना सगळे, आणि लोक म्हणायचे म्हणून मीही मिस्त्रीच म्हणायची. ते दुकानात कोन बसवायचे आणि मी घरी कॉइल गुंडाळायची. बारीक तार, एकाला एक चिकटून ओळी, मध्ये केसभर फट नको. भाकरी थापणाऱ्या बाईला हे जमतं, कारण तिचे हात एका लयीत चालतात, असं मिस्त्री म्हणायचे. ते गेल्यावर शटर उघडून मी बसले. लोहचुंबकाजवळ काम करायचं म्हणजे केसांत आकडे घालून चालत नाही, ते ओढून घेतं, म्हणून अंबाडा सोडून शेपटा घालायला लागले. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं आणि माझ्या डोक्यावरून आत बघायचं.

“मिस्त्री कुठं हायत?”

“कबरस्तानात. काम काय हाय ते सांगा.”

एवढं ऐकलं की पावणं गुपचूप पिशवीतून स्पीकर काढायचं.

गिऱ्हाइकांचे प्रकार सांगायला बसले तर अंक पुरणार नाही. गणपती झाले की मंडळांची पोरं काळेठिक्कर पडलेले स्पीकर घेऊन यायची. चेहरे इतके भोळे, की वाटावं आत्ताच पारायणाला बसून आलीत. “काय लावलंच न्हवतं चाची. नुसती आरती.” मी कॉइल बाहेर काढून त्यांच्या नाकाखाली धरायची. जळक्या वार्निशचा वास काही लपत नाही. “ही कुठली आरती रं? देव उठून पळाला असंल.” मग एकमेकांना कोपर मारत हसायची. एक प्रवचनकार बुवा होते. त्यांचा आवाज मुळात किरटा, पण तक्रार स्पीकरची. तीनदा कोन बदलून घेतला. शेवटी मी सांगितलं, बुवा, कागद मी बदलू शकते, गळा वरचा बदलतो. ते रागावून गेले आणि पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन आले.

पण ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं ते गिऱ्हाईक वेगळंच होतं.

शिरोळचे आप्पा माने. ऊसवाले, चार म्हशी, स्वतःचं गुऱ्हाळ. मिस्त्री असतानाची गोष्ट. बंद पडलेल्या एका टॉकीजचं सामान विकायला निघालं होतं, त्यातले पडद्यामागचे दोन दांडगे स्पीकर आप्पांनी उचलले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंढा घालून, वर कांबळं पांघरून आमच्या बोळात आणले. ट्रॉली आत येईना, म्हणून दोघांनी धरून एकेक आणला. कागद उंदरांनी खाल्लेला. आप्पांनी मिस्त्रींपुढे एक रेकॉर्ड ठेवली. तिच्या पुठ्ठ्यावर एक झाड उलटं काढलेलं, मुळं वर आणि फांद्या खाली, आणि रंग असे की बघून डोळे दुखावेत.

“मिस्त्री, ह्येच्यासाठी बसवायचं हायत. लग्नासाठी न्हाय, मंडळासाठी न्हाय. ह्येच्यासाठीच.”

परदेशातल्या पाच पोरांची ती रेकॉर्ड. त्यांच्या बँडचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते आमच्यापैकी फक्त विलास सरांना नीट म्हणता यायचं. बाकीचे सगळे ‘उलटं झाड’ म्हणायचे. विलास सर कोडोलीचे, शाळेत इंग्रजी शिकवायचे. कॉलेजात ते आणि आप्पा एका खोलीत राहायचे. रेकॉर्ड सरांची, आणि वेड आप्पांना जास्त. या गाण्यांना सायकेडेलिक म्हणतात, डोळे मिटून ऐकलं की रंग दिसतात, असं सरांनी मिस्त्रींना समजावून सांगितलं. मिस्त्री म्हणाले, “उन्हातनं येऊन डोळं मिटलं की मलाबी दिसत्यात.”

पण त्या स्पीकरांवर मिस्त्रींनी जीव लावला हे खरं. मापाचे कोन तयार मिळत होते, ते जाड आणि कडक, वरातीत ओरडायला चांगले. मिस्त्रींनी दोन कोन घेऊन त्यांच्या कडा बारीक पॉलिश कागदानं घासल्या, मग पंक्चरच्या सोल्यूशनचा पातळ हात दिला म्हणजे कड मऊ राहील. कॉइल माझ्याकडून न घेता स्वतः गुंडाळली. मी फुरंगटले तर म्हणाले, “तुझी चांगलीच असती गं, पर ह्यात माझी चूक झाली तर माझीच असूदे.” आप्पा रोज शिरोळहून येऊन स्टुलावर बसायचे. गाणं लावलं की डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. “डाव्या बाजूला जरा नाक चोंदल्यागत वाटतंय.” मिस्त्री पुन्हा उघडायचे. इतकं बारीक ऐकणारं गिऱ्हाईक आम्ही आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. केसाएवढा फरक त्यांना कळायचा, आणि कळला की ते तोंडावर सांगायचे. शेवटी एका दिवशी ते काहीच बोलले नाहीत. नुसते रडले. मिस्त्रींनी हात धुतले आणि मला म्हणाले, “झाला.”

आता आप्पा दरसाल घालायचे त्या पुण्यतिथीविषयी सांगायला हवं.

त्या पाचजणांत एक म्होरक्या होता. गाणी त्याचीच, आवाज त्याचाच, गिटारही त्याचीच. दुसरी रेकॉर्ड आली तेव्हा आप्पा आणि विलास सर कॉलेजात होते. तिच्या पुठ्ठ्यावर चौघेच उभे होते, तोंडं पाडून, आणि मधोमध खुर्चीवर पाचव्याचा चौकटीतला फोटो, फोटोला झेंडूसारख्या फुलांचा हार. पोरांनी पुठ्ठा पाहिला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. फोटोला हार म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. माणूस गेला. आप्पांनी तडक न्हावी गाठला आणि टक्कल करून गावी गेले. वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी पोराचं डोकं पाहिलं, उठले आणि सणसणीत एक ठेवून दिली. “मी जित्ता हाय की रं अजून!”

कोणत्या दिवशी गेला हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून आप्पांनी पौष अमावास्या धरली. अमावास्या कुणालाही चालते, आणि गुऱ्हाळही तेव्हा जोरात असतं. दरसाल त्या दिवशी शिरोळला गुऱ्हाळाच्या छपराखाली उलट्या झाडाची मंडळी जमायची. सुरुवातीला कॉलेजातले, मग त्यांचे दोस्त, मग दोस्तांचे भाऊ. कुणी इचलकरंजीहून मागावरची सुट्टी काढून यायचं, उचगावचा एक गवंडी यायचा, त्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मिस्त्री स्पीकर लावायला जायचे आणि मलाही न्यायचे. काहिलीत रस उकळत असायचा, वाफ छपरात चढायची, आणि त्या वाफेत दोन मोठ्या पेट्यांमधून ते गाणं निघायचं. एका गाण्याला रेकॉर्डची अख्खी बाजू लागायची. आधी बराच वेळ काहीच घडत नाही, नुसतं कुणीतरी लांबून चालत येतंय असं वाटतं. मग तो माणूस गायला लागतो, पण असा की शेजारच्या खोलीत एकटाच बोलतोय.

गावात बोभाटा झाला की माने गुऱ्हाळावर गांजा ओढायला लोक जमवतो. एकदा पोलीस पाटील स्वतः बघायला आले. पाहतात तर पंधरा-वीस बाप्ये पोत्यांवर डोळे मिटून बसलेले, प्रत्येकापुढे उसाच्या रसाचा पेला. पाटील थोडा वेळ उभे राहिले, मग त्यांनीही एक पेला मागून घेतला आणि जाताना आप्पांना म्हणाले, “दारू पीत असतासा तर बरं झालं असतं. ह्ये काय म्हणून लिवायचं?”

मी मात्र कधी ते गाणं बसून ऐकलं नाही. बायका चुलीपाशी. आप्पांची बायको, तिला सगळे आक्का म्हणायचे, ती आणि मी भाकरी बडवायचो. गाणं आमच्या कानावर पडायचं ते भाकरीच्या थापांमधून.

जेवणाआधी पानावरचा घास काढून गुऱ्हाळाच्या छपरावर ठेवायचे, आणि कावळा काही शिवायचा नाही. दरसाल हीच तऱ्हा. सगळे खाली हात जोडून उभे. आप्पा वर बघून कबूल करायचे, “तुमच्या रेकॉर्डी सांभाळू. तुमचं गाणं इसरणार न्हाय.” कावळे समोरच्या बाभळीवर बसून मजा बघायचे. विलास सरांचं म्हणणं पडलं की त्याला आपलं जेवण सोसत नसेल, म्हणून एका वर्षी पाव आणि उकडलेली अंडी ठेवली. एका वर्षी कुणीतरी सिगारेट ठेवली. कावळे त्यालाही शिवले नाहीत. मग आप्पा दर्भाचा कावळा करून लावायचे आणि पंगत बसायची. “मोठ्या मनाचा माणूस, इच्छा अर्धी राहिली असंल,” असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

वर्षं गेली. मंडळी कमी होत गेली, काही म्हातारी झाली, काही वर गेली. मिस्त्रीही गेले. पण पौष अमावास्या चुकली नाही. आता स्पीकर लावायला मी जायची. स्पीकर उघडायची मात्र कधी वेळ आली नाही. मिस्त्रींचे ते कोन तसेच्या तसे वाजत होते. मी फक्त वायरी तपासायची, धूळ झटकायची आणि आक्कापाशी जाऊन बसायची. एकदा आप्पांना विचारलं, एवढं काय आहे हो त्यात? ते काहिलीकडे बघत म्हणाले, “भाभी, मला इंग्लिश येत न्हाय. पर त्यो माणूस बोलाय लागला की वाटतंय, ह्यो माझ्याशीच बोलतोय. दुसऱ्या कुणाला ह्येचं काय समजणार न्हाय. आता हितं बसलेल्या परतेकाला तसंच वाटतंय, त्ये मला ठावं हाय. तरीबी वाटतंय.”

मग एक दिवस विलास सर दुकानात आले. निवृत्त झाले होते, हातात नवा फोन. चेहरा उतरलेला. काउंटरवर फोन ठेवून म्हणाले, “भाभी, बघा.”

फोनमध्ये एक म्हातारा होता. लोकरीची टोपी, पांढरी दाढी, शिडीवर चढून सफरचंदाच्या झाडाच्या फांद्या छाटत होता. खालून कुणीतरी प्रश्न विचारत होतं आणि तो नाखुशीनं एखाद्या शब्दात उत्तर देत होता. मी म्हटलं, कोण हा?

“आपला,” सर म्हणाले. “जिवंत आहे. कधी मेलाच नव्हता. बँड सोडून घरी जाऊन बसला होता. तो हार त्यांच्याकडं नुसती शोभा म्हणून घालतात.”

आधी मला हसू आलं. इतकं आलं की हातातली कॉइल खाली पडली. कावळ्यांचा उलगडा झाला होता. कावळ्यांना माहीत होतं, एकट्या कोल्हापूर जिल्ह्यालाच माहीत नव्हतं. पण सर हसत नव्हते. पुठ्ठा पाहून ‘गेला’ असं पहिल्यांदा तेच बोलले होते. “आप्पाला सांगू की नको?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आज ना उद्या कुणीतरी दाखवणारच, त्यापेक्षा आपण दाखवू.

आप्पा गोठ्यात धार काढत होते. फोन पाहून त्यांनी चरवी बाजूला ठेवली. पुन्हा पुन्हा पाहिलं. “जित्ता हाय? आरं, जित्ता हाय की!” आक्काला हाक मारून बोलावलं, गड्याला दाखवलं, म्हशीलाही दाखवतात की काय असं वाटलं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. आम्ही सुटलो असं वाटलं. मग आक्का मागून हळूच म्हणाली, “आवो, म्हंजी आपण जित्त्या माणसाचा घास काढत हुतो व्हय, दरसाल?”

आप्पांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी चरवी उचलून आत नेली. आम्ही निघालो तेव्हा म्हणाले, “त्यो तिकडं श्वास घेतोय आनि आमी हितं दर्भाचा कावळा लावतोय. लई मोठं पाप झालं भाभी.”

पुढच्या पौषात शिरोळहून निरोप आला नाही. सरांनी फोन केला तर, “न्हाय सर, बंद केलं.” त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. स्पीकरांवर पोती टाकून ठेवलीत, आप्पा गुऱ्हाळावर बसतात पण पूर्वीसारखे बोलत नाहीत, असं आक्का सांगायची. मला त्यांचा राग यायचा. माणसानं एवढं वेड जन्मभर सांभाळावं आणि अशा गोष्टीवरून पुरून टाकावं, हे मला पटेना. शिवाय खरं सांगते, राग माझ्यासाठीही होता. मिस्त्रींच्या हातचं एवढंच एक काम जसंच्या तसं वाजत राहिलं होतं. बाकी सगळं जळलं, फाटलं, नाहीतर कुणाच्या तरी मेव्हण्यानं उघडलं. वर्षातून एक दिवस भाकरी बडवताना मला माझ्या नवऱ्याचा हात ऐकू यायचा, तोही बंद झाला.

मग पूर आला. शिरोळ भागात पूर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पाणी ओसरल्यावर आप्पांची ट्रॉली बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. ट्रॉलीत मोडके पत्रे, गंजलेली मोटार, कुजलेल्या गाद्या आणि चिखलानं माखलेल्या त्या दोन पेट्या. आप्पा वाळले होते. दारातूनच म्हणाले, “भंगारात निघालोय. वाटलं तुमास्नी इचारावं. लोहचुंबक तरी कामाला येतील तुमच्या.”

“कुठं निघाला?” मी विचारलं. ऐकू आलं होतं, तरी विचारलं.

“भंगारात.”

“त्या पेट्या खाली उतरवा.”

“भाभी, कागदाचा लगदा झालाय. काय ऱ्हायलं न्हाय त्यात.”

“आप्पा, मी तुमाला इचारलं न्हाय. खाली उतरवा म्हटलं.”

उतरवल्या. ते गेल्यावर मी पेटी उघडली. कोनाचा खरंच लगदा झाला होता, नखानं निघत होता. चिखल धुऊन, लोहचुंबकाच्या फटी स्वच्छ करून कॉइली बाहेर काढल्या. डाव्या कॉइलची कागदी नळी कुजून तार विसकटली होती. उजवी मात्र शाबूत होती. मिस्त्रींनी घातलेल्या ओळी तशाच्या तशा, एकाला एक चिकटून. मी ती कॉइल तळहातावर घेतली. मग पदरानं पुसली आणि कामाला लागले.

डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे वेळ लागला. उजवीकडे मिस्त्रींचीच कॉइल ठेवली, डावी मी गुंडाळली, दोनदा उलगडून तिसऱ्यांदा. दोन नवे कोन घेऊन त्यांच्या कडा घासल्या, सोल्यूशनचा हात दिला. मिस्त्री सोल्यूशन किती पातळ करायचे हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. अंदाजानं केलं. दुकानात लावून पाहिलं, घासत नव्हतं, आवाज चांगला होता. पण तो नव्हता. कशात फरक आहे ते मला सांगता येईना. एवढंच कळत होतं की आप्पा ऐकतील आणि पहिल्या मिनिटाला म्हणतील, डाव्या बाजूला नाक चोंदलंय.

पौष अमावास्येला मी टेम्पो केला. विलास सर कोडोलीहून रेकॉर्ड घेऊन आले. कोडोली उंचावर, त्यामुळे रेकॉर्डी कोरड्या राहिल्या होत्या. दुपारी गुऱ्हाळावर पोचलो. आप्पा काहिलीपाशी उभे होते. पेट्या पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

“कशाला आणलं भाभी? मी सांगितलं हुतं की. माझ्या हातनं आता हुणार न्हाय.”

“का हुणार न्हाय?”

“जित्त्या माणसाला पिंड घातला मी.”

मी टेम्पोतून उतरले आणि जे बोलले ते ठरवून बोलले नाही. “आप्पा, आमच्या मिस्त्रींसाठी कुणी कवा घास काढला हुता? न्हाय न्हवं? मग त्ये का गेलं साठीच्या आत? आनि तुमचा त्यो, त्येच्यासाठी तुमी चाळीस वर्सं घास काढला, त्यो ऐंशीच्या घरात शिडीवर चढून झाडं छाटतोय. कसलं पाप बाधलं त्येला?” मी थांबले नाही. “ह्या जिल्ह्यात मिस्त्रींच्या हातचं किती स्पीकर वाजलं. किती लग्नं, किती गणपती, किती देवळं. एक माणूस आठवण काढत न्हाय. तुमी साता समुद्रापलीकडच्या माणसाची दरसाल काढली. त्यो हाय का न्हाय, त्येला कळतंय का न्हाय, काय बघितलं न्हाय. माणूस जित्ता असताना त्येची एवढी आठवण कोण काढतंय हो? माझी कोण काढंल?”

बोलता बोलता मला रडू फुटलं. एवढ्या बाप्यांपुढे मी कधी रडले नव्हते, मिस्त्री गेले तेव्हाही नाही. आक्का धावत आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. गडी ढवळायचं थांबले. आप्पा जमिनीकडे बघत होते. मग ते आले, पेटीची एक बाजू धरली आणि सरांना म्हणाले, “सर, त्या टोकाला धरा.”

सरांनी निरोप दिलेली सात-आठच माणसं होती. उचगावचा गवंडी होता, काठी टेकत आला होता. दोन नवी पोरं होती, सांगलीची, त्यांना सरांनी कुठूनतरी फोनवर शोधलं होतं. त्या दिवशी छपरावर काही ठेवलं नाही. मी वायरी जोडल्या आणि सवयीनं चुलीकडे निघाले. आप्पा म्हणाले, “भाभी, तिकडं कुठं? आक्के, तूबी ये. भाकऱ्या मागनं हुतील.” पोतं झटकून त्यांनी आम्हाला दोन पेट्यांच्या बरोबर मधे बसवलं. आक्काच्या हाताला पीठ तसंच होतं.

सरांनी सुई ठेवली. मी पहिल्यांदा ते गाणं थापांशिवाय ऐकलं. लांबून कुणीतरी चालत आलं, शेजारच्या खोलीत बसलं आणि एकटंच बोलायला लागलं. मला रंगबिंग काही दिसले नाहीत. उजवीकडून, कोन नवा असला तरी, मिस्त्री ऐकू आले, अगदी ओळखीचे. डावीकडून मी ऐकू येत होते. दोन्हींत फरक होता, आणि तो मला इतका स्वच्छ कळत होता की मान खाली घालून बसावंसं वाटलं. मी गाण्याकडे कमी आणि आप्पांच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होते.

त्यांनी डोळे मिटले होते. सुरुवातीलाच त्यांची मान डाव्या बाजूला किंचित वळली. कळलं होतं त्यांना. कपाळावर आठी आली, तशीच थोडा वेळ राहिली, मग हळूहळू गेली. रेकॉर्डची बाजू संपली, सुई नुसती खरखरायला लागली तरी कुणी उठेना. आप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

“आवाज त्योच हाय की, भाभी,” ते म्हणाले.

इतक्या वर्षांत आवाजाविषयी आप्पा माझ्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले. मी मान डोलावली आणि सरांना म्हटलं, दुसरी बाजू लावा.